एका घासाला न पुरणारे ससे

मी, श्रीमती यशोदा बाबली बागवे, वय एकाहत्तर, राहणार मसुरे, तालुका मालवण, ग्रामपंचायतीतून निवृत्त लिपिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. म्हातारी ससे पाळते म्हणून ज्यांना शंका असेल, त्यांनी तो दोनदा वाचावा. छातीत दोनदा कळ येऊन गेली. तिसरीच्या आधी व्यवस्था लावते.

१. घर व काजूची बाग मुलगा सुदेश यास. त्याने पर्यटकांसाठी खुशाल खोल्या काढाव्यात. ससे मात्र त्यास मुळीच नाहीत. गेल्या मे महिन्यात भर दुपारी माझा काळा नर तीळ त्याने फोटोसाठी पाहुण्यांच्या मांडीवर बसवला. सशाला उष्मा सोसत नाही, मी पिंजऱ्यात बर्फाच्या बाटल्या ठेवते, हे त्यास ठाऊक होते. संध्याकाळी तीळ गेला. चिरंजीव म्हणाले, "आये, दुसरो हाडूया." मला दुसरा मुलगा आणता येत नाही, म्हणून घर त्यालाच.

२. बँकेतली ठेव मुलगी संचिता हिला. ती फोनवर आधी सशांची चौकशी करते, मग माझी. तरी करते.

३. बुटके ससे नग सतरा, पिंजरे, तराजू व नोंदवही यांबाबत जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी अस्लम मुकादम यांनी कोल्हापूरहून मासळीच्या रिकाम्या गाडीतून पहिली जोडी आणून दिली. पुरता वाढला तरी किलोच्या आत भरणारा ससा, कान बोटाएवढे. शेजारच्या घरातली माझी धाकटी जाऊ आनंदीबाई जत्रेच्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "ससो म्हणतत हेका? एका घासाक पुराचो नाय." पाहुणे पोट धरून हसले. त्याच वेळी माझ्याकडे बुटक्यांच्याच पोटी निपजलेली एक मादी वाढून दोन किलोंची झाली होती. ती मी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून तिच्या अंगणात सोडली आणि म्हटले, "घे. हेच्यात पाच माणसा जेवतीत." त्यानंतर नऊ वर्षे आम्ही बोललो नाही.

४. आता जे कोणाला सांगितले नाही ते. मी हट्टाने लहानात लहान नर-मादीच लावत गेले. दर वेतात एखादे पिल्लू निम्म्या अंगाचे, नुसते डोके मोठे, असे निघे. कापसात ठेवले, थेंब थेंब दूध पाजले, तरी तीन दिवसांवर जगत नसे. नोंदवहीत त्यांच्यापुढे नाव नाही, रेघ आहे. एक्केचाळीस रेघा. गाव कौतुक करी आणि मी पिंजऱ्यामागे बसून रडे.

आनंदीने ती मादी खाल्ली नाही, शेवग्याचा पाला घालून पोसली. एकदा ती गडग्याच्या भोकातून तिळाकडे आली. महिन्याने आनंदीच्या पडवीत सहा पिल्ले झाली. तीन बुटकी, तीन आईसारखी, मेले एकही नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या किशोरी धुरी यांनी मग समजावले, की आईबाप दोन्ही बुटके असले तर चारांतले एक असे जाते. एक मोठे लागते. मी जी मटणाला दिली, तीच लागत होती. बुटकी तिन्ही पिल्ले आनंदीने टोपलीत घालून गडग्यावर ठेवली. मी टोपली रिकामी करून परत ठेवली. तेव्हापासून तिच्या मोठ्या माद्या भोकातून येतात आणि पिल्ले टोपलीतून.

५. म्हणून कलम तीनमधील सर्व काही आनंदीबाई हिला. सुदेशला गडगा पाडून चिऱ्यांची भिंत घालायची आहे. त्याने भोक बुजवले, तर घरही संचिताचे. आणि माझ्या तेराव्याला "यशोदा हरली" असे आनंदीने म्हणू नये. फार तर मनात म्हणावे.

साक्षीदार: अस्लम मुकादम, किशोरी धुरी (दोघांनीही वाचून, न हसता सही केली.)
सही: यशोदा बाबली बागवे
मुक्काम मसुरे, १८ नोव्हेंबर २०२५

ता. क. याची एक प्रत आजच टोपलीत घालून गडग्यावर ठेवली आहे. आनंदी, मी मरासर थांबू नको गो. उद्या सकाळीच ये. दारातसून ये.