जिताड्याच्या तळ्याची वाटणी

मी, सोनूबाई हिरामण मोकल, वय बहात्तर, धंदा शेती आणि मासे, राहणार मौजे खारसावळे, तालुका पेण, जिल्हा रायगड, आज डोकं ताळ्यावर असताना, कोणाच्या धाकाने नाही आणि कोणाच्या गोड बोलण्याला भुलून तर मुळीच नाही, माझ्या मागे माझ्या मिळकतीचं काय करायचं ते लिहून ठेवत आहे. डोकं ताळ्यावर असल्याचा डॉक्टर चिराग गावंड यांचा दाखला सोबत जोडला आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अख्ख्या गावाने मला वेडी ठरवलं, तेव्हा कोणी दाखला मागितला नव्हता.

१. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बाहेरकाठ्याच्या आत, सात-बाऱ्यावर माझ्या एकटीच्या नावाचं दोन एकरांचं जिताडा माशांचं तळं आहे. ते मी माझे धाकटे दीर अनंता दामाजी मोकल यांना देते. अर्धं नाही, पूर्ण. माझा मुलगा हर्षद याला हे वाचून राग येईल. तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं त्याने मनात धरलं आहे, नकाशाही काढून ठेवला आहे. नकाशा त्याने ठेवावा. तळं अनंताला का, ते कलम ५ मध्ये लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय हर्षदने कोर्टाची पायरी चढू नये, आणि वाचल्यावर त्याला लाज असेल तर तो चढणार नाही.

२. राहतं घर हर्षद आणि सून नूतन या दोघांना, दोघांच्या नावाने. नूतनचं नाव कागदावर 'नंतर चढवू' असं कोणी म्हणेल. नंतर म्हणजे कधीच नाही, हे मला सासरी पन्नास वर्षं राहून कळलं आहे. आधी तिचं नाव, मग त्याचं.

३. माझी सोन्याची माळ आणि कुड्या मुलगी सुचिता हिला. मासे पकडायचा माझा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, तेही तिलाच. मुरुडला तिची खानावळ आहे. तिथे पाग भिंतीवर शोभेला टांगू नये. फाटला तर शिवावा, फेकता येत नसेल तर फेकता येणाऱ्याला द्यावा.

४. पतपेढीतली ठेव हर्षदची मुलगी, माझी नात प्राप्ती हिला. ती बँकेच्या परीक्षांचा अभ्यास सोडून खाडीत दोऱ्यांवर कालवं वाढवायचं म्हणते. आमच्याकडे शिंपल्यातली कालवं खडकावरून फोडून आणतात, दोरीला टांगून वाढवलेली मी पाहिलेली नाहीत. हर्षद तिला म्हणाला, "सरळ नोकरी कर. आजीचं नशीब व्हतं, तुझं काय?" आणि हाच हर्षद, आता स्वतःचे ट्रेलर चालवतो, ट्रेलरवाल्यांच्या सभेत माइक हातात आला की सांगतो, "माझ्या आईनं धाडस केलं म्हणून आम्ही वर आलो." घरात नशीब आणि माइकवर धाडस. प्राप्तीला वाटलं तर तिने ही ठेव बुडवावी. बुडाली तर तिला कोणी टोमणे मारू नयेत, आणि तगली तर तिचं भाषण ठेवू नये.

भाषणाचं सांगते. गेल्या वर्षी एका कॉलेजने मला शाल दिली आणि धाडस केल्याने यश कसं मिळतं यावर बोलायला लावलं. मी म्हटलं, "पहिल्या खेपेला माझ्याकडं धाडस व्हतं, मासली नव्हती. दुसऱ्या खेपेला बी तसंच. तिसऱ्या खेपेला मासली आली, तवा धाडस व्हतं तेवढंच व्हतं." पोरांनी हसून टाळ्या वाजवल्या. मी विनोद केला नव्हता. नाकाने कांदे सोलणारे तेव्हा सांगत होते, नवं काही करू नकोस, बुडशील. आता तेच सांगतात, नवं कर, तरशील. मला दोघांचंही ऐकायचं नाही.

५. आता कारण. १९९६ च्या पावसात बाहेरकाठा फुटला आणि गावाची खाचरं खारी झाली. लोक भरपाईची वाट बघत बसले. मी बांगड्या विकल्या, कंटाळलेल्या एका मालकाकडून एक एकर खारं खाचर घेतलं आणि त्यात जिताडा सोडायचं ठरवलं. जिताडा आमच्याकडे घरामागच्या तळ्यात पाहुण्यांपुरता पाळायचे. भाताचं खाचर मोडून मासे पाळणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं, असं गाव म्हणालं. माझे मालक हिरामण कंपनीत पाळीवर जायचे. ते म्हणाले, "मी आड येनार न्हाय, पन हात बी लावनार न्हाय." शब्दाला पक्के होते, मरेपर्यंत हात लावला नाही.

हात लावला तो एकट्या अनंताने. शेजारचं आपलं एक एकर त्याने तळ्यासाठी खोदलं. पहिल्या खेपेला मोठ्या पिल्लांनी लहान पिल्लं खाल्ली. एकाच मापाची सोडायची असतात, हे आम्हाला कोण सांगणार? दुसऱ्या खेपेला मे महिन्यात पाणी तापलं आणि मासे उलटे होऊन वर आले. अनंता ते टोपलीत भरत होता आणि मी बांधावर बसून रडत होते. तिसऱ्या खेपेची पिल्लं सव्वा वर्षात हातभर झाली, दोन्ही तळ्यांत सारखीच. धाडस सारखं, कष्ट सारखे, पिल्लं एकाच खाडीतली. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे आम्हा दोघांत जो फरक पडला त्यालाच लोक माझं धाडस म्हणतात.

१९९९ च्या सर्वपित्रीला, दुपारी बाराच्या भरतीला, बाहेरकाठ्याला पुन्हा खांड पडली. गावाच्या खाचरांत तीन वर्षांनी भात परत आलं होतं आणि लोंब्या भरत होत्या. खांड पडली की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून ती बुजवायला, चिखल द्यायला धावतो, हा आमच्या गावकीचा नियम आहे. मालक पहिल्या पाळीला गेले होते, हर्षद ट्रकवर होता. आमच्या घरातून मीच जायला हवं होतं.

मी गेले नाही.

अनंता गेला. जाताना त्याने आपल्या तळ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी माझ्याच तळ्याच्या बांधावर चिखल चढवत राहिले आणि भोवती जाळं बांधलं. पाणी दोन्ही तळ्यांवर चढलं. अनंताचे मासे माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या बांधावरून खाडीकडे निघून गेले. माझे राहिले. चाळीस घरांनी खांड भरली आणि गावाचं भात वाचवलं. त्या चाळिसांत माझं घर नव्हतं.

संध्याकाळी देवळासमोर पंच भागोजी ठाकूर यांनी घरं मोजायला घेतली. "हिरामनच्या घरचा कोन व्हता?" मी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली उभी होते. अनंता म्हणाला, "वयनी व्हती. माझ्या पाठीमागं उभी राहून चिखल देत व्हती." दुपारपासून खपलेला माणूस, तळं रिकामं झालेलं, आणि माझ्यासाठी खोटं बोलला.

त्या वर्षी पेणच्या बाजारात मोठा जिताडा माझ्याकडेच होता. राहतं घर त्यावर उभं राहिलं. अनंताला पुन्हा पिल्लं सोडायची उमेद राहिली नाही. त्याने आपलं एकर मलाच विकलं आणि पनवेलला एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला. मधला बांध काढून मी दोन्ही तळी एक केली. गावात लोक म्हणू लागले, धाडस करावं सोनूबाईनं, अनंतानं करू नये. त्याच्या तोंडावर म्हणायचे, तो हसायचा. मीही ऐकून घ्यायचे, आणि याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

गेल्या दिवाळीत मी त्याच्या फाटकावर गेले. म्हटलं, तळं तुझ्या नावावर करते. तो म्हणाला, "मना नको, वयनी. लोक इचारतील, त्याला का दिला? मंग तू काय सांगशील?"

"खरा हाय ता सांगेन."

"इतकी वरसा न्हाय सांगलास, आता कशाला सांगतस? नाव कमवलास, ता घेऊन सुखानं जा." त्याने मला स्वतःच्या डब्यातली भाकर खायला घातली आणि एसटीत बसवून दिलं.

त्याला तळं नको आहे कारण त्याला माझं नाव राखायचं आहे. मला ते राखायचं नाही. त्याने तिथे जिताडा सोडावा, भात लावावं, त्याची मुलगी कल्पिता हिला द्यावं, नाही तर विकून तीर्थयात्रा करावी. माझी अट कसलीच नाही.

६. माझ्या निधनाचा बॅनर नाक्यावर लावू नये. हर्षद ऐकणार नाही, तेव्हा निदान 'धाडसी माता' असं छापू नये. तेराव्याला जेवणाची पानं वाढण्याआधी कलम ५ प्राप्तीने गावकीसमोर मोठ्याने वाचावं.

७. कलम ६ लिहून होताच हे मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या वकील अमिषा घरत यांनी विचारलं, "आजी, मेल्यावर का?" मला राग आला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लिहायचे पैसे घेता, विचारायचे नाही. मग चहा झाला. चहा पिताना मला कळलं की पोरगी बरोबर बोलली. मी खाडीला भ्याले नाही, उपासाला भ्याले नाही, आणि चाळीस घरांच्या तोंडाला सव्वीस वर्षं भ्याले. मेल्यावर खरं बोलायला हिंमत लागत नाही. म्हणून कलम ६ मधलं शेवटचं वाक्य मी रद्द करते. कलम ५ मी स्वतः वाचणार आहे, जिवंतपणी, पायावर उभी राहून. लोक थुंकतील की बसायला पाट देतील, अनंता त्यानंतर तळं घेईल की माझ्याशी बोलणंच टाकेल, मला ठाऊक नाही. तरी वाचणार.

साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते, असं वकीलबाई सांगतात. डॉक्टरांनी वाचलेला नाही. भागोजींना मी समोर बसवून वाचायला लावला आहे.

हे सर्व मी सांगितल्याप्रमाणे लिहिलं आहे, मी ते वाचून पाहिलं आणि प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली माझी सही दोन्ही साक्षीदारांसमोर केली.

(सही) सोनूबाई हिरामण मोकल
ठिकाण: खारसावळे
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:

१. (सही) डॉ. चिराग गावंड, पेण

२. (सही) भागोजी राघो ठाकूर, वय ८१, खारसावळे. पूर्ण वाचलं. गावकी रविवारी सकाळी दहाला बोलावतो. घर चुकल्याचा दंड एक दिवस बांधावर चिखल देणे, वयाची सूट नाही. अनंताने पंचांसमोर खोटं सांगितलं, त्यालाही एक दिवस, निरोप धाडला आहे. दोघांनी एकाच दिवशी यावं. सोनूबाईने अनंताच्या पाठीमागे उभं राहावं.