श्यामकांतरावांचं तेल आणि माझा क्लच

बदलापूर गाव,
बुधवार

प्रिय श्यामकांतराव,

तुम्हा उभयतांना नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही अंबरनाथला आमच्याहून बरे आहात हे कुंदा रोज सांगते, त्यामुळे वेगळं विचारत नाही. तिच्या ताईच्या, म्हणजे संजीवनीताईंच्या, गुडघ्याला आराम पडला असेलच. नव्या कारमध्ये चढउतार सोपी आहे म्हणे. फोनवर तुम्ही दर वाक्याला 'हो का, हो का' करता आणि तांत्रिक विषय अर्धवट राहतो, म्हणून लिहून कळवतो.

रविवारी तुमच्या वांगणीच्या घराची वास्तुशांत. "मी गाडी घेऊन येतो, सगळे मावतो आरामात," असं तुम्ही म्हणालात, तेव्हाच मी ठरवलं की कुंदाला माझ्याच बाइकवरून आणायचं. या बाइकला मी आजवर एकाही मेकॅनिकचा हात लागू दिलेला नाही (तुम्ही स्टेपनी बदलायलाही माणूस बोलावता, हा टोमणा नाही, नोंद आहे). गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. कुंदा मागे बसली आणि रेल्वेवरच्या पुलाच्या चढाला इंजिन असं ओरडू लागलं की जणू ऐंशीने चाललोय, गाडी मात्र वरातीच्या चालीने. सिलिंडरचा टेम्पो पुढे गेला. एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, पाय लावून ढकलू का?" कुंदा उतरली, पदर खोचून पूल चालत चढली आणि माझ्या आधी वर पोचली. वरून म्हणाली, "भाऊजींच्या गाडीचा आवाजसुद्धा येत नाही हो." आवाज न येणं हे चांगल्या गाडीचं लक्षण नसतं, पण हे पुलावर उभं राहून बायकोला पटवता येत नाही.

घरी येऊन शास्त्रशुद्ध तपास केला. क्लच लिव्हरच्या टोकाला खेळ किती, तर पट्टी लावून पंधरा मिलिमीटर, म्हणजे केबल निर्दोष. मग ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं होतं. ते निवांत चालू राहिलं. म्हणजे क्लच प्लेटा घसरतायत. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन नव्या आणल्या. दुकानदार म्हणाला, "साईं, फिटिंग भी करवा लो." मी नुसता हसलो. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात (बदलापुरात हे किती जणांना माहीत असेल?). मी रात्रभर भिजवल्या. सकाळी बसवल्या. पुन्हा पूल, पुन्हा तोच आक्रोश, आणि या खेपेलाही तोच रिक्षावाला.

आता तेलाबद्दल. दिवाळीत तुमच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेला डबा तुम्ही "ठेवा, कुठे तरी लागेल" म्हणून दिला होतात. किंमत वाचून मी थक्क झालो. जे तुमच्या गाडीच्या पोटात जातं ते माझ्या गाडीच्या पोटात का जाऊ नये, असा साधा विचार करून तालमीच्या आदल्या दिवशीच बाइकचं चांगलं तेल काढून मी ते भरलं होतं. प्लेटाही त्यातच भिजवल्या. सोमवारी कुंदा केर काढताना म्हणाली, "अहो, या डब्यावर कारचं चित्र का आहे?" कारचा क्लच कोरडा असतो, बाइकचा इंजिनच्याच तेलात बुडालेला, आणि कारच्या तेलात प्लेटांची पकड सुटू शकते, हे मला अर्थातच ठाऊक होतं, तिने आधी विचारलं इतकंच. दोष तुमच्या तेलाचा आहे असं मी म्हणत नाही (कुंदा म्हणू देत नाही). प्लेटा धुतल्या, तेल दोनदा बदललं. काल पूल एका दमात चढलो. दुर्दैवाने रिक्षावाला नव्हता.

आपला साडू,
शिवराम

ता. क. रविवारी आम्हाला न्यायला येण्याची मुळीच तसदी घेऊ नये. उरलेलं तेल परत आणतो आहे.

ता. क. २. वरचं कुंदाने वाचलं. तिला नवी साडी नेसायची आहे आणि पुन्हा पूल चालायचा नाही. तेव्हा नऊपर्यंत यावं.

ता. क. ३. हे तिला न दाखवता लिहितोय. मी बाइकवर तुमच्या मागोमाग असेन. पुलाच्या चढाला गाडी जरा हळू घ्या, एसी बंद करा आणि कुंदाच्या बाजूची काच खाली घ्या. माझं इंजिन ओरडत नाही, हे तिला ऐकू यायला हवं.