खोलीतून जाताना बटण बंद करा

ती. दादांस साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी, की उभं राहून तोंड दाखवायची सध्या सोय नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आई मजेत, तुमची बहीण मजेत, मी मजेत. तुम्ही तिला जोडून दिलेला कम्प्युटर सोडला तर सगळेच मजेत. खरं तर फोनच केला असता, पण आमच्याकडे फोनवर कुजबुजलं तरी ती स्वयंपाकघरातून उत्तर देते, म्हणून पत्र.

त्याचं असं झालं. कम्प्युटरला काहीही झालं नव्हतं. (हे आधीच सांगतो, कारण तुम्ही पहिलं तेच विचारणार.) बायोसची नवी आवृत्ती आली आहे, तिने स्थैर्य वाढेल, असं मी कंपनीच्या संकेतस्थळावर वाचलं. आता स्थैर्य कुणाला नको? बायोस म्हणजे काय हे मला तुम्हीच समजावलं होतं: बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी उठणारा, कीबोर्ड आला का, मेमरी जागेवर आहे का, डिस्क जागी झाली का, अशी हजेरी घेऊन मग विंडोजला हाक मारणारा तो घरचा कर्ता, राहतो डिस्कवर नाही, मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये. पुढे तुम्ही असंही म्हणाला होतात, की चालतंय ना? मग हात लावायचा नाही. तेही मला आठवत होतं, पण ते तुमच्या बहिणीला उद्देशून असावं, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

तयारी मात्र तुम्हीही केली नसती अशी केली. मदरबोर्डाचं नाव आणि त्यापुढचं बारीक शेपूट भिंग लावून वाचलं, कारण एका आकड्याचा फरक असला तरी ती फाइल दुसऱ्याच बोर्डाची. फाइल कंपनीकडूनच घेतली, जुन्या सेटिंगचे फोटो काढले, तिच्या सगळ्या नकाशांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. (शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा तिला सोमवारी द्यायचा आहे आणि त्यापायी ती जेवणखाण विसरली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) मध्येच वीज जायला नको म्हणून यूपीएस लावला. आईला मेन स्विचखाली खुर्ची टाकून बसवलं आणि कुणी बटणाला हात लावला तर ओरडायचं, असं बजावलं. तिने विचारलं, "आणि तूच लावलास तर?" मी हसलो.

पडद्यावर 'बंद करू नका' अशी सूचना आली आणि पट्टी सरकू लागली. ती निम्म्यावर असताना दाराची घंटा वाजली. आमच्या घराला तुम्ही ओळखता. खोलीतून बाहेर पडणाऱ्याने बटण बंद करायचं, हा नियम माझा. प्रत्येक स्विचबोर्डाशेजारी चिकटवलेली चिठ्ठी माझ्या अक्षरातली, आणि लग्न झाल्यापासून या एका नियमापायी मी तुमच्या बहिणीला जेरीस आणलेलं. तर मी उठलो, आणि हाताने आपलं काम केलं. भिंतीवरचं बटण बंद! यूपीएस केकाटायला लागला. बिचारा मला वाचवायलाच केकाटत होता, पण मागे काहीतरी चालू राहिलंय, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. मी परत फिरलो आणि त्यालाही बंद केलं. दारात शेजारचं घर शोधणारा प्लंबर होता. त्याला मी पत्ता नीट समजावून सांगितला.

परत येतो तर पडदा काळा. दोन्ही बटणं पुन्हा चालू केली, तर आतले पंखे फिरतात, दिवे लागतात, पण हजेरी घेणाराच बेशुद्ध. नकाशे सुखरूप आहेत, पण ते उघडायचं सॉफ्टवेअर त्याच एका मशीनवर, आणि सोमवार तोंडावर. तिला सांगितलंय की विजेचा दाब कमीजास्त होतोय, तेव्हा दोन दिवस त्या खोलीत जाऊ नकोस. मशीनच्या मागे एक लहानसं बटण दिसतं, पण बटणांच्या बाबतीत माझा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे.

वहिनींना नमस्कार सांगा, पत्र मात्र दाखवू नका.

तुमचा,
(नाव काय लिहायचं? ओळखलंच असेल)
मेहुणा

ता. क. शनिवारी सहज आल्यासारखे या. हत्यारांची पेटी पिशवीत तळाशी ठेवा आणि वर फळं रचा.

आणखी एक ता. क. तिला कळलंच, तर अपडेट करायला तुम्हीच सांगितलं होतं, एवढंच म्हणा. तुम्ही थोरले भाऊ, तुमच्यावर ती ओरडायची नाही. पाकीट टाकायला तिच्याकडेच देतोय. दुसऱ्याची पत्रं ती वाचत नाही, हा तिचा मोठा गुण.

दादा, यापुढचं अक्षर माझं. पाकीट यांनी चिकटवलंच नव्हतं, आणि आईंनी मला सगळं त्याच दिवशी सांगितलं होतं. तू दाखवलं होतंस तसं पेनड्राइव्हवरच्या बायोसच्या फाइलला ठरलेलं नाव दिलं, मागच्या खुणेच्या जागी तो लावला आणि ते लहान बटण दाबलं. दिवा लुकलुकून थांबला आणि मशीन उठलं. नकाशाही सोमवारची वाट न बघता आजच देऊन आले. यांना यातलं काही माहीत नाही, कारण हे त्या खोलीकडे फिरकतच नाहीत. सध्या सकाळचा चहा हेच करतात, भांडी विसळतात, आणि मी दिवा चालू ठेवून बाहेर गेले तरी चकार शब्द काढत नाहीत. तेव्हा शनिवारी येऊ नकोस. चालतंय ना? मग हात लावायचा नाही.