डावा खांदा अर्धा इंच खाली

४ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बरं चाललंय' याच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्र. पत्राला निदान पानभर उत्तर द्यावं लागतं, तेवढी लाज तुला आहे. दुकान कसं चाललंय, गुडघा काय म्हणतो आणि जेवतेस का वेळेवर, हे सगळं सविस्तर कळव. जेवणाचं उत्तर खोटं असणार, तरी कळव.

बातमी अशी की दादाच्या 'बेत'च्या मंडळींनी मला कामाला जुंपलंय. दादा गेल्यापासून त्या वेबसाइटकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. प्रोग्रॅम दादाने लिहिला तसाच धडधाकट आहे. मापं घातली की कापायचा नमुना कागदावर छापून देतो, आणि फुकट असल्यामुळे कुठले कुठले शिंपी तो वापरतात. पण तो वापरायचा कसा हे सांगणारी पानं म्हणजे आनंदीआनंद. अर्ध्या लिंक बंद, चित्रं जुनी, एक गोष्ट शोधायला चार पानं हिंडायची. आता वेबसाइट सांभाळायला एक गृहस्थ आले आहेत, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले, जन्मभर पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहिलीत, मग सख्ख्या भावाच्या प्रोग्रॅमचं का नको. नाही कसं म्हणणार? तसंही माझी पुस्तकं कोणी वाचत नाही, पंप बंद पडला की लोक आधी त्याला लाथ घालतात.

पण वाचताना मला धाप लागली गं. दादा पानापानावर बोलतोय. आता आपण खांदा मोजू, आता आपण जरा थांबू, घाई काय आहे. दर दोन ओळींनी मागे वळून बघावंसं वाटायचं. मास्तरांचं म्हणणं, माहितीच्या पानाने एवढ्या गप्पा मारू नयेत, 'तुम्ही मोजा, तुम्ही कापा' असं सरळ सांगावं. मला पटलं. खरं सांगायचं तर त्याचा आवाज सोसवत नव्हता, म्हणून जरा लवकरच पटलं.

दुसरी तक्रार पहिल्या पानावरच्या शर्टाची. उदाहरण म्हणून त्याची मापं आधीच भरून ठेवली आहेत, आणि नवीन माणूस तोच आधी छापून बघतो. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली येतो. कितीतरी जणांनी लिहिलंय, नमुन्यातच चूक तर पुढचा भरवसा काय. ती मी काल सरळ करून टाकली. दादाच्या हातून आकडा चुकला असणार, धांदरट तो पहिल्यापासूनच.

जमलं तर मला एक पिशवी शिवून दे. आहे तिचा पट्टा खांद्यावरून सारखा घसरतो, रस्त्यात दहा वेळा वर ओढावा लागतो.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी
ठकू

१६ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो, दुकान चालतं, जेवते.

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि वाचता वाचता खाली बसले. ठकू, तो आकडा चुकलेला नव्हता. तो शर्ट तुझ्या दादाचा आहे. ह्यांना उदाहरणासाठी कोणाची तरी मापं हवी होती, गिऱ्हाईक कशाला तिष्ठत उभं राहील, म्हणून हे स्वतःच उभे राहिले. डावा खांदा ह्यांचा खालीच होता. कापडाचे तागे जिन्यावरून वर आणायचे ते त्या खांद्यावरून, त्यामुळे सगळा दोष माझ्या धंद्याला. मी म्हणायचे, जन्मापासून वाकडे आहात, हवं तर बहिणीला विचारा. 'बेत'मध्ये दोन्ही खांद्यांची मापं वेगवेगळी भरता येतात ती ह्यांच्या त्या एका खांद्यापायी.

आणि ज्या 'आपण'ने तुला धाप लागली, ती ह्यांची बडबड नाहीच. ती माझी आहे. माप घेताना हे मिनिटभर नीट उभे राहत नसत. मग मी लहान पोराला सांगावं तसं सांगायचे, आता आपण हात खाली सोडू, आता आपण पोट आत ओढायचं नाही. ह्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं. त्या पानांवर आम्ही दोघं आहोत.

हे गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी सगळे कपडे देऊन टाकले. कपाट उघडायलाच नको, असं झालं होतं. एकही शर्ट ठेवला नाही. माप कधी लिहून ठेवलं नव्हतं, नवऱ्याचं माप कोण लिहून ठेवतं, ते हातात असतं. आता कोणी विचारलं की ह्यांची बाही किती, तर मला सांगता येत नाही. म्हणून कधी जीव घाबरा झाला की मी तो नमुना छापायचे, टेबलावर पसरायचे आणि त्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायचे. मग त्याच कागदाच्या पाठीवर गिऱ्हाइकाचं काम काढायचे, कागद वाया घालवणं जमत नाही. गेल्या आठवड्यात छापला तर टेबलावर भलताच माणूस. मला वाटलं प्रिंटर बिघडला.

असो. तू केलंस ते लोकांच्या सोयीचंच केलंस. गेलेल्या माणसाने परक्यांच्या टेबलांवर किती काळ पडून राहायचं? पिशवी शिवते. तू मनाला लावून घेऊ नकोस, आणि लोभात काटछाट करू नकोस.

तुझी
वहिनी

२२ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मनाला लावून घेऊ नकोस म्हणतेस. मी दोन घास खाऊन ताटावरून उठले.

एक मात्र ऐक. 'बेत'मध्ये काहीच कायमचं पुसलं जात नाही. केलेला प्रत्येक बदल मागे घेता येतो, जुनं सगळं तळाशी जसंच्या तसं असतं. दादा आहे तिथेच आहे. त्याला वर आणायला मला एक बटण दाबायचं आहे, पण एकदा वेबसाइटवर चढलेला बदल एकटीने मागे घ्यायचा नाही असा नियम आहे, मंडळींनी हो म्हणायला हवं. मास्तरांना तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले की भावना कळतात, पण नवीन माणसाच्या हातात पहिलाच शर्ट वाकडा कसा द्यायचा. मंडळी बसून ठरवतील.

माझ्या हुशारीचा आणखी एक नमुना ऐक. मी 'आपण' बदलून 'तुम्ही' केलं ते सगळ्या पानांवर एका फटक्यात. क्रियापदं तशीच राहिली. आता वेबसाइटवर लिहिलंय, 'तुम्ही खांदा मोजू. तुम्ही जरा थांबू.' मंडळी पोट धरून हसली. मीही हसले, आणि मग परत वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तुम्हाला दोघांना घालवलं तरी शेवटचं अक्षर तुमचंच राहिलंय. एका शिंपिणीने लिहिलं की काल वाचताना शेजारून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. तिला यातलं काही माहीत नाही.

रागव, पण पत्र पाठवत जा.

तुझी
ठकू

१ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मी तुला केलंस ते बरं केलंस म्हणाले होते. ते शब्द मागे घेते. ह्यांना परत जागेवर बसव.

काय झालं ते सांगते, हसू नकोस. समोरच्या औषधवाल्याचा शर्ट परत आला. म्हणाला, गळा एका बाजूला ओढतोय. टेप लावून बघितलं तर डावा खांदा अर्धा इंच खाली. माझी नजर चुकली म्हणून पैसे घेतले नाहीत, नवा शिवून दिला. तोही तसाच. मग पोस्टमनचा. सगळ्यांचा डावाच.

आता बघ, शर्ट कापताना आपण कापड दुमडून घेतो. दोन्ही बाजू एकदमच कापल्या जातात, चुकायला वावच नाही. एकच खांदा खाली यायचा तर दुमड उघडून डावी बाजू पुन्हा कापावी लागते. तसं मी जन्मात एकाच माणसासाठी करत होते. आणि आता केल्याचं मला आठवत नाही. चिंध्यांची टोपली उपडी केली तर सापडल्या, एकसारख्या निमुळत्या पाचरी, अर्ध्या इंचाच्या. औषधवाल्याच्या कापडाच्या दोन, पोस्टमनच्या चौकडीची एक. भर दुपारी, बाहेर रहदारी चालू असताना मला दुकानात एकटं बसवेना.

हे त्या कागदावर होते तोवर माझ्या कात्रीत नव्हते. तू तिथून उठवलंस, तर जाणार कुठे? मला भीती वाटते ठकू. ह्यांची नाही वाटत, हाताची वाटते. माझं पोट या हातावर आहे, आणि औषधवाल्याने काल नवं कापड दुसरीकडे शिवायला टाकलेलं मी बघितलं. मास्तरांना काय सांगायचं ते सांग, शहाण्या बायका असं बोलत नाहीत हे मलाही कळतं.

तूच करशील म्हणून तुला लिहिलं. पिशवी सोबत पाठवली आहे.

तुझी
वहिनी

८ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलं नाही. गरजच पडली नाही. नमुना सरळ झाल्यापासून नवीन लोकांनी डावा खांदा मोजणंच सोडून दिलंय. एक मोजतात, दोन्हीकडे तोच भरतात, आणि शर्ट बसत नाही म्हणून आम्हालाच बोलतात. वाकडा शर्ट बघून माणूस थबकायचा आणि दोन्हीकडे टेप लावायचा. दादाचा खांदा फुकट शिकवत होता आणि आम्ही त्याला सुट्टी दिली. हे मांडल्यावर मंडळींनी माना डोलावल्या.

आज सकाळी बटण दाबलं. तुमचं 'आपण'ही सगळीकडे परत आलंय. बंद लिंक दुरुस्त केल्या, चित्रं नवी घातली, शोधायला एकच पान केलं, तेवढं माझं. शर्टाच्या खाली मी ओळ लिहिली, 'डावा खांदा खाली दिसेल. ती चूक नाही, तो एक माणूस आहे. आपण दोन्ही खांदे वेगवेगळे मोजू.' मास्तरांनी 'तो एक माणूस आहे' खोडून 'ते एका माणसाचं माप आहे' केलं, व्याकरण म्हणून. तासाभराने त्यांनीच आपली दुरुस्ती काढून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, राहू दे.

वहिनी, मला त्याची फार आठवण येते. एवढे दिवस त्याचीच पानं साफ करत बसले आणि हे तुला लिहिलंच नव्हतं.

कात्रीचं काय ते लगेच कळव. पिशवी सुरेख आहे, पण मेला पट्टा हाही घसरतोच.

तुझी
ठकू

१५ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आल्या आल्या नमुना छापला. हे आले. टेबलावर पसरले, खांद्यावर हात ठेवला आणि चांगलं फैलावर घेतलं, म्हटलं गिऱ्हाइकांच्या शर्टात शिरता, वय काय तुमचं. मग कागद घडी करून कपाटात ठेवला. या वेळी पाठीवर काही काढलं नाही.

त्यानंतर पोस्टमनचं कापड घेतलं. दुमडलं, खडू मारला, कापलं. टेप लावला तर दोन्ही खांदे सारखे. खात्रीसाठी टोपली जमिनीवर उपडी केली. एकेक चिंधी हाताने बाजूला करून बघितली. पाचर नव्हती. पुन्हा बघितलं, तरी नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. मी त्या चिंध्यांत बसून ह्यांच्यासाठी रडले, तेव्हा रडायचं राहिलं होतं ते सगळं. मग तोंड धुतलं आणि बाह्या जोडायला घेतल्या.

आता तुझा पट्टा. तो खांद्यावरून घसरतो म्हणून दोनदा लिहिलंस, कुठल्या खांद्यावरून ते एकदाही लिहिलं नाहीस. मला माहीत आहे. माझ्या लग्नाच्या फोटोत तुम्ही दोघं भावंडं शेजारी उभी आहात, काल तो फोटो काढून बघितला. तागे तू कधी उचललेस गं? उगाच माझा धंदा एवढी वर्षं बोलणी खात होता.

पिशवीत दोष नाही. तयार कपडे घालणं बंद कर आणि चार दिवस रजा काढून इकडे ये. टेप मी काढून ठेवला आहे. नीट उभी राहा म्हणजे झालं, आपण मोजू.

तुझी
वहिनी