भरपेट खाऊन यावे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९:४०
आजपासून चारकोपच्या या ऑफिसात कुणी हाताने कोड लिहिणार नाही. ठराव माझा. मुलुंडच्या एका लॅबचं काम आलंय: रक्त तपासणीची अपॉइंटमेंट मोबाइलवर. म्हणजे दोन प्रोग्रॅम. पेशंटच्या मोबाइलमधला क्लायंट विचारणार, लॅबमधला सर्व्हर उत्तर देणार. दोघांनी काय बोलायचं ते मी एका फाइलमध्ये लिहीन आणि कोड बनवणाऱ्या जनरेटर प्रोग्रॅमचं बटण दाबीन. दोन्हीकडचा कोड आपोआप. अख्ख्या चारकोपमध्ये हे कुणाला सुचलं नव्हतं.
टीममधली ज्युनियर दीप्ती म्हणाली, आम्हाला कॉलेजात होतं हे. असेल.
मिहिर आमचा बॉस, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. त्याने सांगितलंय, हे नीट झालं तर टीम लीड मी. नाहीतर दीप्ती. 'नाहीतर'चा प्रश्न येत नाही.

४ फेब्रुवारी
अडीच ओळी झाल्या. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्यांचं मशीन चालतं, त्याने टेबल थरथरतं. थरथरत्या टेबलावर विचार होत नाही. चहा तीन वेळा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
फाइल पूर्ण. लॅबच्या यादीत प्रत्येक टेस्टपुढे 'उपाशी: हो किंवा नाही' असा रकाना आहे. उपाशी हा शब्द मला पटला नाही. नावं पॉझिटिव्ह असावीत, असं एका व्हिडिओत पाहिलंय. रकान्याचं नाव 'खाऊन' केलं. खालचे हो-नाही तसेच ठेवले. लॅबच्या माहितीत ढवळाढवळ बरी नव्हे.
दुपारी बटण दाबलं. अकरा सेकंदांत चारशे बारा फाइली. डोळे भरून आले. बायकोला, जयंतीला, ऑफिसातूनच फोन केला. ती म्हणाली, छान, येताना कोथिंबीर आण.

१० फेब्रुवारी, सोमवार
दीप्तीने शनिवार-रविवार बसून जनरेट झालेल्या कोडात दुरुस्त्या केल्या होत्या. मला एका स्पेलिंगसाठी बटण पुन्हा दाबावं लागलं. नव्या फाइली जुन्यांवर बसल्या, तिच्या दुरुस्त्या गेल्या. ती म्हणाली, सर, दाबायच्या आधी सांगत जा ना. मी समजावलं की हाताने केलेलं टिकत नाही.
संध्याकाळी मी स्वतः त्याच कोडात दोन तास सुधारणा केल्या. निघताना सवयीने बटण दाबलं.

११ फेब्रुवारी
डोकं दुखतंय. कालच्या सुधारणा तशाही महत्त्वाच्या नव्हत्या.

१३ फेब्रुवारी
टेस्टिंग झकास. क्लायंट आणि सर्व्हर यांचं प्रत्येक बाबतीत एकमत. दीप्तीने विचारलं, लॅबच्या मूळ यादीशी ताडून बघायचं का. मी म्हणालो, दोघांचं पटतंय, तर मध्ये तिसऱ्याला कशाला घालायचं. आमच्या घरात एकोणीस वर्षांत असं एकमत झालेलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८:१०, मुलुंड
लॅबचा ॲपवरचा पहिला दिवस. उपाशीपोटी साखर तपासायची असे एकतीस जण आले. सगळे तुडुंब. ॲपने प्रत्येकाला कळवलं होतं: भरपेट खाऊन यावे. एकजण खात्री म्हणून वडापाव हातात घेऊन आलेले. उलट थायरॉइडवाल्या नलिनीताई विनाकारण उपाशी. चक्कर येऊन सोफ्यावर आडव्या.
रिसेप्शनच्या सपना मॅडमनी विचारलं, हे कुणी लिहिलं. मी खरं तेच सांगितलं. कुणी नाही, जनरेट झालंय.
दीप्तीने माझी फाइल उघडली. चार मिनिटांत 'खाऊन'वर बोट ठेवलं. क्लायंटलाही तेच उलटं सांगितलं होतं आणि सर्व्हरलाही, मग भांडणार कोण, म्हणाली.
नलिनीताईंना मी बिस्किटाचा पुडा आणून दिला. त्यांनी माझ्याकडे न बघता खाल्ला. जरा वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी
एकतीस जणांना फोन करून माफी मागायची. मी. जनरेटर फोन करत नाही. अठरा जण ओरडले, सात जणांनी उचलला नाही. बाकीचे नुसते हं म्हणाले, भांडुपचे गुणाजी परब सोडून. वय अठ्ठ्याहत्तर, मिलमधून रिटायर. सून जानकी दोन वर्षं त्यांना दुधी आणि मूग देतेय. त्यांनी ॲपचा मेसेज तिला दाखवून सकाळी सातला कोंबडीवडे करून घेतले. म्हणे, आता ह्याच लॅबात येतलंय. वहीत नोंद केली: समाधानी ग्राहक, एक.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दीप्ती टीम लीड. तिने फाइल दुरुस्त केली, लॅबच्या यादीशी ओळ न् ओळ ताडली आणि मग बटण दाबलं. अकरा सेकंद. म्हणजे पद्धत माझीच.
फाइलवर मला फक्त वाचायची परवानगी दिली आहे. विश्वासाचं काम आहे, कुणीतरी वाचायला हवंच. मिहिरला विचारलं, ही जबाबदारी आणखी कुणाकुणावर. तो म्हणाला, फक्त तुमच्यावर, बाकी सगळ्यांना लिहायचीही परवानगी आहे.
वाचायला सुरुवात केली.