संगीत प्राण जाईना

नंदुरबार,
८ जानेवारी २०२४

प्रिय सोमीआत्या हिस,
प्रभू येशूच्या नावात सलाम. वि. वि.

बाबा घरी पोहोचले का, एवढं आधी कळव. ते फोन घेत नाहीत, तुझा गावात लागत नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे.

काल भलतंच घडलं. आमच्या हौशी मंडळीचं नवं नाटक होतं, ‘संगीत प्राण जाईना’. शहजादभाई कापडाचं दुकान सांभाळून आमची नाटकं बसवतात, त्यांचीच ही कल्पना: जुन्या संगीत नाटकांची गाण्यासकट टर उडवायची. बाण लागलेला राजा मरता मरता पदांवर पदं म्हणतो, दर वन्स मोअरला उठून बसतो आणि तिरडीवाले कंटाळून शेंगा खातात. राजा मी. आणि हो, हा राजा बाबांच्या ‘संगीत प्राणदान’मधलाच, नवापूरकडच्या गावागावांत त्यांनी उभी हयात रंगवला तोच. त्यांना मी फक्त म्हटलं होतं की संगीत नाटकात काम करतेय. ते न कळवता आले.

चौथ्या पदाला पहिल्या रांगेतून एक माणूस उठला आणि स्टेजच्या पायऱ्या चढू लागला. कोट घातलेले बाबा! मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझ्या छातीवरचा बाण काढून स्वतःच्या बगलेत धरला, आडवे झाले आणि ते पद खरं कसं म्हणायचं ते म्हणू लागले. एक अक्षर न बदलता, डोळ्यांत पाणी आणून. आत्या, लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. त्यांना वाटलं, हे नाटकातलंच. मागून कुणीतरी ओरडलं, आते तरी मर ना रे भो! बाबा अर्ध्या ओळीवर थांबले आणि लोकांकडे बघत राहिले. तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. मग ते मागच्या दाराने निघून गेले.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
एस्तेर

*

१० जानेवारी

चि. एस्तेर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बापाचं मरण तिकीट लावून विकतेस? जनाची नाही, मनाची तरी लाज?

स्टीफन घरी पोहोचला, सुखरूप आहे, पण जेवला नाही. नुसतं म्हणत राहिला की लोकांना आता कदर उरली नाही, तुझी आई असती तर आज रडली असती. इतकी वर्षं मी गप्प होते गं, पण हे ऐकून तुझ्या आईची एक गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली. तो ओट्यावर बसला तो बसलाच. मला भीती वाटते. तू ये.

माया आहे म्हणूनच बोलले.
सोमीआत्या

*

१३ जानेवारी

चि. एस्तेर, आशीर्वाद.

माझ्या प्रत्येक प्रयोगाला तुझी आई मरणाच्या प्रवेशाआधी उठून जायची. तिला माझं मरण बघवत नाही, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. सोमी म्हणते, ती मंडपामागे जाऊन पदर तोंडात कोंबून हसायची आणि पडू नये म्हणून सोमी तिला धरून उभी राहायची. एवढी वर्षं! आणि घरी आल्यावर माझे पाय चेपत म्हणायची की आज फार छान मेलात.

दोन दिवस मेलेल्या माणसावर रागावून काढले. मग काल शेतात एकटाच ते पद मोठ्याने म्हणू लागलो, तर मंडपामागची ती डोळ्यांपुढे आली. पद पुरं झालं नाही. मलाच हसू आवरेना. शेजारच्या शेतातला रामसिंग बांधावरून विचारत होता की मास्तर, रडताय का. काय सांगू त्याला?

शहजादभाईंना निरोप दे, पुढच्या प्रयोगात राजाचं काम मी करीन. तू तिरडीवाल्यांत जा. अक्षर मात्र एकही बदलणार नाही, सूरही नाही. लोकांना हसायचं तर खुशाल हसू दे. मी अगदी मनापासून मरणार आहे.

लोभ आहे, तो राहील.
तुझा बाबा