बोटातला ठेका

प्रिय छकुली,

अक्षर मुंगीएवढं झालंय म्हणून रागावू नकोस. ओळ सुरू होताना ते टपोरं असतं, शेवटाला जाईतो आक्रसतं. जावईबापू म्हणाले, बाबा कागद वाचवतायत. मीही हो म्हणून टाकलं. तू कामासाठी तिकडे गेल्यापासून थट्टा करायला त्यांना माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तुझी लेक मजेत आहे. परवा तिला औषधाच्या सलाईनला नेलं. चिंगी आता दवाखान्यातली जुनी जाणती. नव्या नर्सबाईंना स्वतःच सांगते, उजव्या हाताची शीर लबाड आहे, डावीकडून घाला. औषध लागू पडतंय. पोट पुष्कळ उतरलंय, साधं लागलं तरी काळंनिळं व्हायचं तेही कमी झालंय. थेंब पडत असतात तोवर मी तिला कविता शिकवतो. थेंब भुजंगप्रयाताच्या चालीत पडत नाहीत म्हणून ती त्यांना दटावते.

तुला आपला वर्ग आठवतो? तू खिडकीपाशी, लक्ष बाहेर. मी टेबलावर बोटाने ठेका धरायचो, लघू गुरू गुरू, आणि सगळा वर्ग एका सुरात डोलायचा. शाळा सुटली, पण बोटाची सवय सुटली नाही. तुझी आई म्हणायची, जेवताना तरी त्या बोटाला सुट्टी द्या. त्यामुळे गेल्या वर्षी हे बोट खुर्चीच्या हातावर आपसूक हलू लागलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. चिंगी विचारायची, आजोबा, आता कुठली कविता चालू आहे? मी एखादी सांगून मोकळा व्हायचो.

गेल्या महिन्यात तोच प्रश्न तिच्या डॉक्टरीणबाईंनी विचारला. उत्तर द्यायला गेलो, तर मनात एकही ओळ नव्हती. बोटाकडे नीट पाहिलं. त्यात गुरू नव्हताच, नुसते लघू, एकामागून एक. असं वृत्त मी कधी शिकवलेलं नाही. बाईंनी मला चालायला लावलं, मनगट वळवून पाहिलं आणि मग शेजारी येऊन बसल्या.

पार्किन्सन आहे, अक्षर आक्रसतं तेही त्यानेच. त्यांनी छान समजावलं. पेशीत केरकचरा निकालात काढणारी एक खोली असते. चिंगीला तुम्हा दोघांकडूनही त्या खोलीच्या जनुकाची बिघडलेली प्रत आली, म्हणून तिच्यात चरबी साठते. तुझ्यामाझ्यात एकच प्रत बिघडलेली. बहुतेकांचं त्याने जन्मभर काही अडत नाही, तेव्हा तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. काहींच्या मेंदूत मात्र म्हातारपणी एक प्रथिन उचललं जात नाही, साचत राहतं. गोळ्या सुरू केल्यात. बोट जरा वरमलंय.

आपल्या तपासण्यांचे निकाल आले त्या दिवशी तू दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हणाली होतीस, "माझ्यामुळे झालं हे." त्याचं उत्तर आज देतो. अगं, ते माझ्याकडून आलंय, आणि मलाही कुणीतरी दिलंच असणार. माझ्या वडिलांचा चहा बशीत हिंदकळायचा, आम्ही त्याला वय म्हणायचो. तुझं नाकही माझंच आहे. त्याबद्दल तू कधी कुणाची माफी मागितली नाहीस.

चिंगीला मी बोटाचं खरं सांगितलं. तिने थोडा विचार केला, बोट मुठीत धरलं आणि मधेमधे दाबून त्यात गुरू घातले. चाल जवळजवळ जमली.

आता पत्राचं कारण. चिंगीचं औषध पोटापर्यंत पोहोचतं, मेंदूच्या दारातून मात्र परत फिरतं. आणि तिला माझ्याएवढं म्हातारं व्हायचंय. पुढे कधी तिच्याही मेंदूत हे साचू शकतं. ते का साचतं, याचा शोध घेणारी माणसं बाईंच्या ओळखीची आहेत. आपल्यासारख्या घरातला मेंदू त्यांना माणूस गेल्यावर पाहायला हवा असतो. मी माझा देऊ केलाय. पण त्या वेळी होकार तुला द्यावा लागेल, तोही लगेच. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आईचा चष्मासुद्धा तू कुणाला देऊ दिला नाहीस. घाई नाही, मी अजून पुष्कळ आहे. पण आलीस की माझ्याजवळ बसून एकदा हो म्हणून ठेव, म्हणजे त्या दिवशी तो शब्द तुला जड जाणार नाही. तेव्हा बोट थांबलेलं असेल. तू थांबू नकोस.

तुझेच, अजून ठेका धरून बसलेले,
बाबा